गाडीचा रंग नवा, पण पत्रा काय सांगतो?

गाडीचा विषय निघाला की आपण म्हणतो, ते पुरुषांचं काम. आम्हीही तसंच म्हणायचो. पण गटातून गाडीसाठी कर्ज दिलं आणि ते अडकायची वेळ आली, तेव्हा आम्हाला बॉनेटखाली वाकून बघावं लागलं.

आमच्या गटातल्या एका काकूंचा मुलगा वायरमनचं काम करतो. गावोगाव सामान घेऊन जायला जुनी चारचाकी बघितली, २ लाख १० हजारांची. त्यातले १ लाख २० हजार गटाने दिले. गाडी चकाचक, सीटला नवी कव्हरं. आम्ही सगळ्यांनी नारळ फोडला, पेढे खाल्ले. कागद मात्र कुणीच नीट वाचले नाहीत.

१४ महिन्यांनी घरात आजारपण आलं, गाडी विकायची ठरली. पावणेदोन लाख सहज येतील असा आमचा हिशेब होता. पहिलं गिऱ्हाईक सोबत मेकॅनिक घेऊन आलं. त्याने बॉनेट उघडलं, डिकीतली चटई उचलली आणि दहा मिनिटांत सांगितलं, "ताई, गाडी पुढून ठोकलेली आहे. १ लाख १५ हजार देतो." काकू तिथेच ओट्यावर बसल्या. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आम्ही त्या मेकॅनिकला चहा पाजला आणि विचारलं, एवढे पैसे कशाचे कापले? त्याने दाखवलं म्हणून आम्हाला कळलं. बंपर, दरवाजा, मडगार्ड, बॉनेट हे बोल्टवर बसवलेले भाग. ते बदलले तर गाडीच्या ताकदीला फारसा धक्का लागत नाही, म्हणून किंमतही थोडीच उतरते. पण बॉनेटखाली इंजिनाच्या दोन्ही अंगांना जे लोखंडी दांडे असतात, दरवाजांमधले खांब असतात, ते गाडीचा सांगाडा. ते वाकून सरळ केलेले असले, कापून वेल्डिंग केलेले असले, तर पुन्हा धडक बसल्यावर ते किती टिकतील याची खात्री कोण देणार? चाकं सरळ राहत नाहीत, टायर एका बाजूने झिजतात. आमच्या गाडीचा डावा पुढचा टायर तसाच झिजला होता. आम्हाला वाटायचं, रस्ते खराब आहेत.

कंपनीचं वेल्डिंग सारख्या अंतरावर गोल ठिपक्यांचं असतं. हाताने केलेलं ओबडधोबड, गाठी आल्यासारखं दिसतं. पत्र्यावर जाड पुट्टी भरलेली असली तर तिथे लोहचुंबक नीट चिकटत नाही. बंपर प्लॅस्टिकचा असतो, त्यावर चुंबक लावून घाबरू नका. आमच्यातल्या एकीने तेच केलं आणि आम्ही अजून तिला चिडवतो. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी उघडलेलं आहे, एवढं समजा. रंग सकाळच्या उन्हात बघायचा, संध्याकाळी नाही.

विम्याचा कागद तर आपल्याला वाचता येतोच. त्यात नो क्लेम बोनस लिहिलेला असतो. वर्षभर क्लेम घेतला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्के. जुन्या गाडीच्या विम्यावर हा बोनस शून्य दिसला, तर का ते विचारायचं. रोख पैसे देऊन केलेली दुरुस्ती मात्र यात दिसत नाही. आणि हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही.

आता खरी पंचाईत पुढेच. एका पेंटरने सांगितलं, ४ हजारांत वेल्डिंगच्या खुणा झाकून देतो, मग ३०-४० हजार जास्त येतील. गटाची बैठक रात्री अकरापर्यंत चालली. काकू म्हणाल्या, "आपल्याला कुणी सांगितलं होतं? मग आपणच का सांगायचं?" त्यांचं घर अडचणीत होतं, त्यांना गप्प बसवायला आमची जीभ रेटेना. शेवटी त्यांच्या सुनेनेच विचारलं, "घेणाऱ्याच्या घरातही कुणी पोरं पुढच्या सीटवर बसणार ना?"

खुणा तशाच ठेवल्या. गाडीची अलाइनमेंट करून घेतली, पावती जपून ठेवली. पुढच्या गिऱ्हाइकाला बॉनेट उघडूनच दाखवलं, कुठे काय झालंय ते सांगितलं. १ लाख ३० हजार आले. गटाचे राहिलेले ८४ हजार फिटले, पण त्या घराला फटका बसला तो बसलाच. तो भरून निघाला नाही.

गाडीसाठी कर्ज मागायला कुणी आलं तर आता आमच्यातल्या तिघी आधी गाडी बघायला जातात. ओळखीचा पण विकणाऱ्याच्या नात्यातला नसलेला मेकॅनिक सोबत असतो, त्याची मजुरी गट देतो. मागच्या महिन्यात एक गाडी अशीच परत पाठवली. विकणारा म्हणाला, "बायकांना गाडीतलं काय कळतं?" आमच्यातल्या एकीने पिशवीतून चुंबक काढून त्याच्या दरवाजाला लावला. तो खाली पडला.