मांडीवरची गोधडी

गोधडीला मोठी चौकट लागत नाही, लागते ती मांडी. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार पदर केले की दोन मीटर लांबीची गोधडी झालीच म्हणायची.

खरं काम जमिनीवर सुरू होतं. पदर अंथरा, हाताने मधून कडेकडे सपाट करा, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवा आणि वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घाला. कंटाळवाणं आहे, पण हे चुकवलं की पुढे झोळ आलाच. मग गोधडी मांडीवर घ्या, उरलेली गुंडाळून बाजूला ठेवा. कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा चालतो. एक हात वर, दुसरा खाली. सुई टोचली की खालच्या बोटाला कळतं, चारही पदर सापडले. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो. आणि ओढू नका! ओढलेल्या टाक्याने कापड चुरगळतं.

शेजारच्या कर्नाटकात सिद्दी समाजाच्या बायका आपली कवंदी नावाची गोधडीही अशीच कडेकडून मध्याकडे शिवतात.

जुनी, मऊ सुती लुगडी टाकू नका. नव्या कडक कापडातून सुई सहज जात नाही.