राहून गेलेली माफी



सातवीत मी शेजारच्या मित्राचं अर्धं राहिलेलं गणपतीचं चित्र त्याला न विचारताच रंगवून टाकलं. तो रडला. सर एवढंच म्हणाले, "चित्र पुरं झालं रे, पण त्याचं राहिलं का?"

पुढे जुनी चित्रं जपण्याच्या कामात पडलो, तेव्हा हेच वाक्य उपयोगी आलं. लिओनार्दो दा विंचीने १४८१ मध्ये बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या राजांचं चित्र हाती घेतलं आणि पुढच्याच वर्षी ते अर्धवट सोडून तो मिलानला गेला. फ्लॉरेन्सच्या तज्ज्ञांनी काही वर्षं खपून त्यावरचा मळ आणि पिवळं पडलेलं जुनं वॉर्निश काढलं. २०१७ मध्ये चित्र पुन्हा मांडलं, तेव्हा झाकलेल्या रेषा दिसू लागल्या. अपुऱ्या चेहऱ्यांत मात्र कुणी रंग भरला नाही.

आपल्या अजिंठ्यात १९२०च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत म्हणून लाखेचं वॉर्निश दिलं. तेच पुढे पिवळं पडलं आणि ते काढत बसणं पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आलं. हेतू माझ्यासारखाच चांगला होता.

आजही ब्रश उचलताना तिसगावचा तो वर्ग आठवतो आणि हात थांबतो. तो मित्र आज समोर बसला आहे. माफी मागायची राहिली होती, ती आज सर्वांसमोर मागतो.