जुन्या संगणकाची नाडीपरीक्षा



सोलापुराजवळील कुंभारी या गांवाचें नांव ऐकलें कीं मडकें घेतांना त्यावर मारावयाची टिचकी आठवते. आवाज बद्द आला तर गिऱ्हाईक तें मडकें परत ठेवतें. याच कुंभारींत विडी-कामगारांसाठीं दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि जानेवारी २०२४ मध्यें रे नगरांतील पहिल्या पंधरा हजार घरांचें लोकार्पण झालें. अशा कष्टकरी घरीं मुलांच्या शिक्षणासाठीं जुना संगणक आणला, तर त्याला टिचकी कोठें मारावी, हा आजचा प्रश्न आहे.

संगणकांतील मजकूर ज्या हार्ड डिस्कमध्यें सांठतो, तींत मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या असतात. वाचनाचें टोंक तबकडीला न शिवतां, केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनहि कमी अंतरावर तरंगतें. १९५६ सालीं आय. बी. एम.नें असें पहिलें यंत्र काढलें, तेव्हां त्यांत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. यंत्र पुढें लहान झालें. परंतु फिरणारी वस्तु झिजावयाचीच.

दोष दोन प्रकारचे असतात. पहिला वहीच्या अनुक्रमणिकेचा. वीज अवचित गेली कीं लिहिणें अर्धवट राहतें आणि फाईल असूनहि सांपडत नाहीं. हा दोष ‘चेकडिस्क’ या आज्ञेनें बहुधा दुरुस्त होतो. दुसरा दोष वहीच्या पानाचाच. तबकडीचा एखादा भाग वाचतां येईनासा होतो. मग डिस्क तो सोडून राखीव भाग वापरते व त्याची गणती ‘स्मार्ट’ नांवाच्या आपल्या अंतर्गत नोंदींत ठेवते. ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’सारखा मोफत प्रोग्राम ती नोंद दाखवितो. बदललेल्या भागांचा आंकडा शून्य असावा. तो लहान व स्थिर असेल तर सावध राहावें; वाढत चालला असेल तर डिस्क बदलावी. आंतून टक्‌टक् ऐकूं येऊं लागल्यास संगणक तत्काळ बंद करावा.

परंतु आंकडा शून्य आला म्हणून निर्धास्त होऊं नये. २००७ सालीं गूगलच्या संशोधकांनीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कांपैकीं निम्म्याहून अधिक डिस्कांनीं चार प्रमुख लक्षणांपैकीं एकहि दाखविलें नव्हतें!

म्हणून आधीं नक्कल, मग तपासणी, हा क्रम कधींहि मोडूं नये. दीर्घ तपासणींत डिस्कचा कानाकोपरा वाचला जातो, आणि जर्जर डिस्कला तो श्रम अखेरचा ठरूं शकतो. आईच्या भविष्यनिर्वाह निधीचे कागद, मुलीचें गुणपत्रक, आजोबांचें एकुलतें एक छायाचित्र, हीं प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीं आणि ती डिस्क संगणकापासून निराळी ठेवावी. फुटलेल्या मडक्याच्या जागीं बाजारांतून दुसरें आणतां येतें. हार्ड डिस्कहि दुसरी मिळते. तिच्यांतलें छायाचित्र मात्र कोणत्याहि दुकानीं मिळत नाहीं. आज संगणक बंद करण्यापूर्वीं एवढी एक नक्कल करून ठेवावी, इतकीच विनंति.