घरी जाऊन भेटा



पाळक म्हणून केलेल्या सेवेविषयी आणि देवाच्या अढळ प्रीतीविषयी बोला, असं मला सांगितलं आहे. पण माझ्या शाळेच्या या आवारात शिरलो आणि आधी आठवले ते आमचे गणिताचे गुरुजी. गुऱ्हाळं सुरू झाली की वर्गातली बरीच पोरं दिसेनाशी व्हायची. गुरुजी शाळा सुटल्यावर सायकल काढून थेट गुऱ्हाळावर जायचे. बापाला रागवायचे नाहीत. चुलवणापाशी बसायचे, ऊस-पाण्याच्या गप्पा मारायचे आणि उठता उठता म्हणायचे, "पोरगं हुशार हाय, उद्या लावून द्या."

आमच्याही घरी ते आले होते. मी तापानं फणफणलो होतो. त्यांनी कपाळावर हात ठेवला तेव्हा बोटांवरचा खडू माझ्या कपाळाला लागला. आई पदरानं पुसायला आली आणि तशीच थांबली. गुरुजी अभ्यासाचं अक्षरही बोलले नाहीत. म्हशीची चौकशी केली, चहा घेतला, गेले. पुढं मी धर्मशास्त्र शिकलो, देवाच्या प्रीतीवरचे जाडजूड ग्रंथ वाचले. पण कुणीतरी आपल्यासाठी वाट वाकडी करून येतं म्हणजे काय, हे मला त्या दिवशीच समजलं होतं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात उधळ्या पुत्राचा दाखला आहे. वाट्याला आलेलं सारं उधळून पोरगा परततो. बाप काय करतो? ओसरीवर बसून जाब विचारत नाही. लांबूनच ओळखतो आणि धावत सुटतो. त्याच अध्यायात मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून एका हरवलेल्या मेंढराच्या मागं जातो. माझा देव हा असा आहे. तो वाट बघतो, आणि उठून जातोही.

आपल्या भागानं हे पाहिलेलं आहे. 1852 साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा काढल्या. पुढं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं ठाणं कोडोलीतही झालं. 1894 मध्ये त्याच मिशनचे डॉक्टर वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं. आजही आपल्याकडं मोठं दुखणं निघालं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "मिरजेला न्या."

आणि लक्ष्मीबाई टिळक! 1895 मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पण नातं तुटू दिलं नाही. पुढं लक्ष्मीबाई परत आल्या. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं, ते शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं पुरं केलं. मुलींनो, त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तुमच्या वाचनालयात असेल, नसेल तर मागा.

पाळकाचं काम थोडक्यात सांगतो. रविवारी उपासना, मग बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी. बाकीचा सारा वेळ लोकांच्या घरी आणि दवाखान्यात जातो. आमच्या मंडळीतले एक आजोबा अंथरुणाला खिळले होते. "देवानं मला टाकलं का हो?" असं ते मला विचारायचे. एकदा मी गेलो तेव्हा शेजारची मुसलमान मावशी बशीत चहा निववून त्यांना घोट घोट पाजत होती. हनुवटीवर ओघळला की पुसत होती. मी म्हटलं, "आजोबा, टाकलेल्या माणसाला असा चहा कोण पाजतं?" ते हसले. त्या दिवशी मी दुसरा उपदेश केला नाही.

म्हणून तरुणांनो, माझा एकच आग्रह आहे. घरी जाऊन भेटा. मित्र नापास झाला, घरी जाऊन भेटा. कुणाचे वडील गेले, तर मोबाइलवर हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळे होऊ नका, घरी जाऊन भेटा. काय बोलावं सुचत नसेल तर बोलू नका. नुसते बसा. भांडण झालंय? मग तर आधी तुम्हीच जा. शिक्षकांनाही हात जोडून सांगतो, गैरहजर मुलाच्या नावापुढं खूण करून हजेरीपत्रक मिटू नका. आणि पुढं बसलेल्या आयांनो, पोरगं आजारी मित्राकडं निघालं तर "आधी अभ्यास कर" म्हणून त्याला अडवू नका.

पहिल्या रांगेत आमचे निवृत्त शिक्षक बसलेत, त्यांना नमस्कार करून आलो. आमच्या वेळचे शिपाईमामा मात्र दिसले नाहीत. चौकशी केली, तर कळलं की पायानं अधू झालेत आणि दिवसभर घरात एकटे असतात. उद्या शाळेला सुट्टी आहे. दहावीच्या मुलांनी सकाळी त्यांच्याकडं जावं. मी तिथं नऊ वाजता येतो.