सृष्टीत टाकाऊ कोणी नाही
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही प्रोफेसर नव्हे. सूतगिरणीत पाळी भरायची आणि उरल्या वेळात पुस्तक उघडायचं, एवढीच आमची विद्या. तेव्हा सृष्टीचा कारभार कसा चालतो, हे आमच्याच भाषेत मांडतो.

गिरणीत ब्लोरूमला कापूस मोकळा होतो, कार्डिंगला त्याचा पेळू होतो, रिंगफ्रेमवर सूत निघतं. एक खातं बंद पडलं की पुढचं खातं हात बांधून बसतं. सृष्टीतही अशीच खाती आहेत. पहिलं खातं हिरव्या पानाचं. ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन वायू घेऊन पान अन्न तयार करतं. ते गवत हरीण खातं, हरणाला वाघ खातो. पण खाल्लेल्या अन्नातली बहुतेक शक्ती जगण्यात खर्च होते आणि उष्णता होऊन निघून जाते. ढोबळ मानाने दहावा हिस्साच वरच्या पायरीला पोचतो. म्हणून गवत अमाप, हरणं थोडी आणि वाघ अगदी मोजके.

ऊन रोज नवं येतं. मातीतले स्फुरद, पालाश मात्र रोज नवे येत नाहीत. जुनाच साठा फिरवून फिरवून वापरावा लागतो. तो फिरवणारं खातं शेवटचं. मेलेलं आणि सडलेलं पुन्हा मातीला देणारं. गांडूळ, बुरशी, सूक्ष्म जंतू, शेणातले किडे आणि आपलं गिधाड हे त्या खात्याचे कामगार.

गिधाड ही आपल्याकडे शिवी आहे. पण त्याचं काम बघा. गिधाडांचा थवा उतरला की मेलेल्या गाईचा तासाभरात सांगाडा उरायचा. त्याच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल, की बरेचसे रोगजंतू तिथेच मरतात. मागे राहिलेली साफ हाडं गरीब माणसं गोळा करून विकायची. त्यांचं खत होऊन हाडातला स्फुरद परत शेतात जायचा.

१९९० नंतर हे खातं बंद पडू लागलं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. कारण सापडलं २००४ साली, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. गुराढोरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध टोचलं जायचं. असं जनावर लवकर मेलं की औषध त्याच्या मांसात राहायचं, आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. एका मढ्यावर डझनावारी गिधाडं बसतात. त्यामुळे शेकड्यात एकाहून कमी मढ्यांत औषध असलं, तरी सगळी जात संपायला ते पुरेसं होतं. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. भर कुठून पडणार?

मग मढी सडत पडली, मोकाट कुत्री वाढली, पाणी नासलं. ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली हिशोब मांडला. गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसं जादा मेली, असा त्यांचा अंदाज आहे. शेवटचं खातं बंद पडलं त्याची ही किंमत!

आता एक गोष्ट ठणकावून सांगतो. कोणी म्हणेल, सृष्टीनेच कामं वाटली आहेत, तसाच गावगाडा. बंधूंनो, हे साफ खोटं आहे. गिधाडाचं शरीरच त्या कामासाठी घडलं आहे. तेच त्याचं अन्न आहे आणि त्यासाठी त्याला कोणी वेशीबाहेर ठेवत नाही. आपल्या वाडवडिलांवर मेलेली ढोरं ओढायची सक्ती झाली ती माणसाने केली, जन्म बघून केली. १९२७ साली महाडच्या परिषदेत मृतमांस सोडा असं बाबासाहेबांनी बजावलं, ते माणूस म्हणून उभं राहण्यासाठी. सृष्टीत एकावर दुसरा अवलंबून आहे, पण उच्च-नीच नाही. तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद समजून घ्यायला याहून सोपा दाखला आम्हाला सापडला नाही.

मग आपण काय करायचं? जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरायला सरकारने २००६ साली बंदी केली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून ते गुरांना टोचलं जाई, म्हणून २०१५ साली त्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरवर आणली. २०२३ साली जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकही बंद केलं. गावाकडे ज्यांची गुरं आहेत त्यांनी माणसाचं औषध गुराला टोचू देऊ नये. गिधाडाला न मारणारं मेलोक्सिकॅम मिळतं. ते डॉक्टरकडून मागून घ्यावं.

आणि इथे वस्तीत? बोधिवृक्षाची वाळलेली पानं, पूजेची फुलं, घरातली भाजीची देठं जाळायची नाहीत, गटारातही टाकायची नाहीत. विहाराच्या कोपऱ्यात एक खड्डा करू. पानं टाकू, थोडी माती आणि पाणी घालू. काही महिन्यांत त्याचं काळं खत होईल, ते त्याच झाडाला घालू. हे काम आळीपाळीने सर्व घरांनी करायचं. कोणा एकाच्या माथी मारायचं नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवू.



जय भीम! नमो बुद्धाय!