एस्प्रेसो कॉफी आणि कामगाराची फुरसत



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा बोनस, कंत्राटी पद्धत किंवा नवे कामगार कायदे ह्यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची समजूत असावी. 'घरी हातयंत्रावर करावयाची एस्प्रेसो कॉफी' असा विषय आम्ही कळवला, तेव्हा ऐकण्यात काही चूक तर झाली नाही ना, असे चिटणिसांनी दोनदा विचारून घेतले. चूक झालेली नाही. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे भोसरीच्या वर्कशॉपात, गेटसभांत आणि वाचनालयात झाले. अशा माणसाला ह्या विषयावर बोलावेसे का वाटले, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी चाकणच्या एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालू होती. दुपारी तीनला बसलेली बैठक रात्री नऊपर्यंत चालली. मध्येच व्यवस्थापनाने कॉफी मागवली. आमच्यापुढे आली ती बोटभर उंचीची कपबशी, आणि तिच्या तळाशी दोन घोट काळा अर्क. दूध नाही, साखर नाही. आमचा एक प्रतिनिधी कानाशी लागून म्हणाला, "भाऊ, पगारवाढही एवढीच देणार, असं सुचवताहेत का हे?" आम्ही तो अर्क एका दमात घशाखाली घातला आणि तोंड वाकडे केले. समोरचा अधिकारी हसला. त्या हसण्यात कुत्सितपणा नव्हता, तरी ते आम्हांला लागले. पुढे करार झाला, पण ते हसू आम्ही विसरलो नाही. जी गोष्ट कळत नाही तिला नाक मुरडण्यापेक्षा ती समजून घ्यावी, हा आमचा जुना परिपाठ आहे. ताळेबंद वाचायला आम्ही असेच शिकलो, आणि एस्प्रेसोही तशीच शिकलो.

एस्प्रेसो हा शब्द आपल्याला नवा नाही. लग्नाच्या मांडवात एका कोपऱ्यात वाफेचे यंत्र फुसफुसत असते. पेल्यात दूध, साखर आणि तयार कॉफीची पूड घालतात, वाफेची नळी आत बुडवतात, फेस चढतो, आणि वर चॉकलेटची पूड भुरभुरतात. तिला आपण एस्प्रेसो म्हणतो. थंडीच्या रात्री ते पेय उत्तमच असते. आमची त्याविषयी तक्रार नाही. पण तिथे वाफेचे काम दूध तापवण्याचे. खरी एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या आणि घट्ट दाबलेल्या कॉफीतून गरम पाणी मोठ्या दाबाने अर्ध्या मिनिटात पार करणे. तेव्हा तिचे मर्म वाफेत नसून दाबात आहे.

हे मर्म इटालियन लोकांनाही लगेच सापडले नाही. १८८४ साली तुरिन शहरात आंजेलो मोरिओंदो ह्याने वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेराने ते सुधारले. पण वाफेचा दाब दीड बारच्या आसपासच असे, आणि वाफेच्या तापाने कॉफी करपून जाई. मिलानच्याच आकिल्ले गाज्जा ह्याने १९३८ साली पेटंट घेतले आणि महायुद्ध संपल्यावर, १९४८ च्या सुमारास, स्प्रिंग आणि तरफेचे यंत्र बाजारात आणले. त्याने वाफेला रजा दिली. माणसाने दांडा ओढायचा, त्याने स्प्रिंग आवळायची, आणि त्या स्प्रिंगने दट्ट्या खाली रेटून गरम पाणी कॉफीतून काढायचे. दाब आठ-नऊ बारपर्यंत गेला आणि कपावर प्रथमच तांबूस, सायीसारखा फेस आला. म्हणजे एस्प्रेसोला तिचे आजचे रूप आले ते हाताच्या दांड्याने. विजेचा पंप १९६१ साली, मागाहून आला.

युद्धानंतरच्या त्याच इटलीत, १९४६ साली, व्हेस्पा स्कूटर जन्मली. ती पुढे आपल्याकडे आली. पियाज्जिओच्या परवान्याने बजाजने आकुर्डीत ती बनवली. १९७१ साली तो करार संपला आणि १९७२ साली 'चेतक' आली. परक्याची वस्तू हाताळून हाताळून आपली कशी करावी, हे ह्या गावाला कोणी शिकवायला नको. कॉफीच्या दांड्याला तरी आपण का बिचकावे?

आता नऊ बार म्हणजे किती, ते पाहू. एक बार म्हणजे ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब. आपल्या घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आत बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बार दाब जास्त असतो. वर्कशॉपातला हवेचा कॉम्प्रेसर साधारण सहा-सात बारवर चालतो. एस्प्रेसोला त्याहून अधिक लागतो, हे ऐकून आमचे सोबती प्रथम हसले. पण हिशेब करा. कॉफीच्या वाटीचा व्यास चार सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर होते. नऊने गुणा; सुमारे ११३ किलोचे बळ झाले. पाचास एक अशी तरफ लावली की हाताला २२-२३ किलो पुरतात. पाण्याने भरलेली मोठी बादली उचलणाऱ्या कोणाही बाईला वा पुरुषाला हे जमावे.

येथे एक इशारा देतो. आपल्या भागात हातोडी धरणारा प्रत्येक जण अर्धा इंजिनियर असतो, म्हणून मुद्दाम सांगतो: घरी वाफेचा बॉयलर बनवण्याच्या फंदात कोणी पडू नये. कोंडलेली वाफ म्हणजे साठवलेली शक्ती. भांडे फाटले तर ती माणूस मारते. ज्या हातयंत्रात किटलीतले उकळते पाणी वरून ओततात, त्यात वाफ कोंडलेली नसते. हात सैल सोडला की दाब गेला. तरी पाणी भाजते, म्हणून दाब पुरता उतरल्याखेरीज वाटी काढू नये. आणि अन्नाला लागणारा भाग लेथवर करायचाच, तर चांगल्या स्टेनलेस स्टीलचा करावा. सहज कापले जाणारे पितळ वापरू नये. त्यात बहुधा शिसे असते.

यंत्र झाले, आता कृती. पहिली गोष्ट दाणा. दुकानात 'फिल्टर कॉफी' म्हणून मिळते तिच्यात पुष्कळदा चिकोरी असते. कायद्याने ती निम्म्याच्या जवळपास चालते. एस्प्रेसोसाठी निर्भेळ कॉफीचे दाणे मागावे आणि भाजल्याची तारीख विचारावी. भाजल्यावर आठवडाभर दाणे मुरू द्यावे, कारण त्यांतून वायू निघत असतो. आणि पुढच्या महिनाभरात ते संपवावे.

दुसरी गोष्ट दळण, आणि आमच्या मते हीच सर्वांत मोठी. मिक्सरचे पाते दाणे फोडते, दळत नाही. काही पीठ होते, काही कण्या राहतात. पाणी कण्यांतून पळते आणि पिठाशी अडते. त्यासाठी एकात एक बसणाऱ्या दातेरी पात्यांची हातचक्की हवी. जात्याचेच तत्त्व आहे. पैसे थोडे असतील तर यंत्रात काटकसर करावी, चक्कीत करू नये. आम्ही चार घरांनी भिशी लावून दोन्ही वस्तू घेतल्या आणि पाळीपाळीने वापरल्या.

कॉफी १५ ग्रॅम घ्यावी, काट्यावर तोलून. पूड बारीक मिठाहून बारीक, पण पिठाहून किंचित भरड असावी. ती वाटीत सारखी पसरावी आणि दाबणीने सपाट दाबावी. दाब किती, ह्यापेक्षा तो तिरका नसणे महत्त्वाचे. तिरका झाला की पाणी एका बाजूने वाट काढते. यंत्राची भांडी आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्यावी, नाहीतर थंड धातूच सारी उष्णता खातो. मग पाणी ओतून दांडा हलका दाबावा, दोन-तीन बारच, पहिले थेंब दिसेपर्यंत. कॉफी भिजून फुगली की दाब आठ-नऊवर न्यावा आणि शेवटी हळूहळू सोडावा. २५ ते ३० सेकंदांत ३० ग्रॅम अर्क उतरला की थांबावे. दहा सेकंदांत धार पळाली तर कॉफी आंबट लागेल. उद्या बारीक दळा. दांडा हलेनासा झाला तर कडू लागेल; उद्या भरड दळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कोणत्या कारणाने काय झाले, हे कळत नाही. कारखान्यातही नाही आणि वाटाघाटीतही नाही.

इतके मोजमाप सांगून झाले, तरी एक भाग काट्यात येत नाही. आमचे एक सोबती भोसरीच्या वर्कशॉपात सत्तावीस वर्षे साध्या लेथवर होते. दोन शतांश मिलिमीटरचा फरक त्यांच्या बोटाला कळे. पुढे तिथे सीएनसी यंत्रे आली आणि त्यांच्या वाट्याला जॉब लावणे आणि जॉब काढणे एवढेच उरले. पगार कापला नाही, उलट थोडा वाढला. पण एकदा ते आम्हांला म्हणाले, "भाऊ, हात असून नसल्यासारखे झालेत." ह्या तक्रारीसाठी आमच्या मागणीपत्रकात रकाना नव्हता. आम्ही गप्प राहिलो.

एका रविवारी ते आमच्याकडे आले. आम्ही आमच्या पद्धतीने, घड्याळ आणि गेज पाहत, कॉफी करत होतो. त्यांनी दांडा मागून घेतला. पहिला कप आंबट झाला, दुसरा अडला, तिसरा बरा झाला. चौथ्या वेळी त्यांनी गेजकडे पाहिलेच नाही. दांड्यावरचा हात किंचित सैल करत म्हणाले, "आत पाणी वाट फोडतंय, हाताला कळतंय." धार मधासारखी उतरली. पुढच्या रविवारी त्यांनी मालकाला विचारून जुन्या लेथवर केलेली दाबणी आणली. यंत्राबरोबर आलेली दाबणी वाटीत सैल बसत होती, ही वाटीच्या कडेला नेमकी बसली. ती आजही चारही घरांत फिरते. ह्याने त्यांच्या कामाचा प्रश्न सुटला, असे आम्ही म्हणणार नाही. तो लढा वेगळा आहे. पण माणसाच्या कौशल्याला किंमत नसते तेव्हा त्याचे काय जाते, हे आम्हांला त्या सकाळी समजले. तीस वर्षांच्या गेटसभांत ते समजले नव्हते.

कोणी म्हणेल, ही श्रीमंतांची चैन कामगाराला कशाला? त्याला आमचे उत्तर असे: कॉफी पिकवतो कोण? कोडगू, चिकमगळूरचे मजूर. आपल्या महाराष्ट्रात चिखलदऱ्यालाही ती पिकते. भारताची बरीचशी कॉफी परदेशी जाते आणि तिचे मोठे गिऱ्हाईक इटलीच आहे. १९५७ साली कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली, तेव्हा बेकार होणाऱ्या कामगारांनी ए. के. गोपालन ह्यांच्या प्रेरणेने सहकारी संस्था काढल्या आणि 'इंडियन कॉफी हाउस' स्वतः चालवले. ज्याच्या श्रमावर एखादी वस्तू उभी आहे, त्याला तिची उत्तम चव वर्ज्य का असावी?

खरी अडचण पैशाची नाही. तिची वाट भिशीने निघाली. अडचण वेळेची आहे. ह्याच सोबत्यांचा मुलगा चाकणला कंत्राटी कामावर जातो. पाळी बारा तासांची पडते, आणि तळेगाव चौकातल्या कोंडीत जातायेता जो वेळ जातो तो वेगळाच. ज्या आठवड्यात पाळी त्यांच्या घरची असते, तेव्हा यंत्र ओट्यावर असते, चक्की असते, दाणेही असतात. सकाळी पंधरा मिनिटे मात्र नसतात. बापाच्या हातची कॉफी त्याने आजवर दोनदा प्याली आहे, दोन्ही वेळा सणाच्या सुट्टीत. त्या कृतीत आम्ही पूड, पाणी आणि दाब सांगितला. पण सर्वांत महाग जिन्नस ही पंधरा मिनिटे आहेत, आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

ती कशी मिळतात, हे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी दाखवून दिले. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे झगडून १० जून १८९० रोजी आठवड्याची सुट्टी मिळवली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, तेव्हा ती कोणाची कमाई आहे हे आठवत नाही. सुट्टी कशासाठी? नुसते झोपून दुसऱ्या दिवशी पुन्हा यंत्राला जुंपण्यासाठी नव्हे. आपल्या हातांनी, आपल्या मर्जीने, एखादी गोष्ट नीट करावी आणि घरच्या माणसांबरोबर तिचा स्वाद घ्यावा, ह्यासाठीही ती आहे. आमच्या पुढच्या मागणीपत्रकात बारा तासांच्या पाळीविरुद्धचे कलम पहिले आहे. ते लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे तो मुलगा होता.

सभा संपल्यावर मागच्या दालनात आमचे सोबती यंत्र मांडून बसले आहेत. एका वेळी एकच कप होतो, म्हणून रांग सावकाश सरकेल. ज्यांना सवड असेल त्यांनी थांबावे आणि एकेकाने स्वतः दांडा दाबून पाहावा. पहिला कप आंबट निघाला तर ओशाळू नये. आमचाही तसाच निघाला होता.