प्रबंधलेखन : विद्यार्थ्याला हवा असलेला आधार

घराण्यातील पहिला पदवीधर पदव्युत्तर वर्गात येतो तेव्हा विषयच त्याला अवघड जातो असे नाही. त्याचे अडते ते लिहिताना. शाळेत त्याने फळ्यावरचे उतरवून घेतलेले असते, महाविद्यालयात टिपणे पाठ केलेली असतात, आणि ती परीक्षेत जशीच्या तशी लिहिल्याबद्दल गुणही मिळवलेले असतात. पुढे लघुप्रबंधाची वेळ येते आणि आजवर जिचे कौतुक झाले तीच सवय एकाएकी अपराध ठरते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम जारी केले. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. ४० टक्क्यांपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत असल्यास तो सादर करण्यास एक वर्ष मनाई होते, आणि त्यापलीकडे नोंदणीच रद्द होते. शिष्यवृत्तीवर दिवस काढणाऱ्या मुलामुलींना ते एक वर्ष किती महाग पडते, हे वेगळे सांगावयास नको. परंतु त्याच विनियमांनी संस्थांवरही कर्तव्य सोपवले आहे : प्रत्येक सत्रात या विषयावर जागृतीचे कार्यक्रम घेणे, आणि शैक्षणिक सचोटीची तत्त्वे अभ्यासक्रमात आणणे. शिक्षेचे कलम ज्या तत्परतेने वाचले जाते, त्या तत्परतेने हे कलम वाचले जावयास हवे.

वर्षातून एकदा सभागृहात भाषण ठेवून हे कर्तव्य पुरे होत नाही. लेखन शिकवावे लागते, तेही विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कच्च्या मसुद्यावर. ग्रंथालयात आठवड्यातून दोन तास एखादा अध्यापक व ग्रंथपाल बसले, तरी पुष्कळ साधते. टिपण कसे काढावे, येथूनच आरंभ करावा. लेखकाचे वाक्य हवे असेल तर ते अवतरणचिन्हांत, पृष्ठांकासह उतरावे. मग पुस्तक मिटून तोच विचार स्वतःच्या शब्दांत मांडावा, पुन्हा पुस्तक उघडून ताडून पाहावा, आणि तेथेही मूळ लेखकाचा निर्देश करावा. संगणकाने दाखवलेली टक्केवारी उतरवण्यासाठी शब्दांचे प्रतिशब्द बदलत बसणे म्हणजे लेखन नव्हे. इंग्रजी परिच्छेदाचे मराठी भाषांतर करून तो आपला म्हणून देणे, हीदेखील उचलच होय. यंत्राला ती दिसो वा न दिसो.

मराठीतून लिहिणाऱ्यास पारिभाषिक शब्दांची अडचण येते. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश त्यासाठीच आहेत. ते कपाटात बंद न राहता टेबलावर असावेत. पूर्वीचे प्रबंध कसे रचले गेले, हे ‘शोधगंगा’ या संगणकीय भांडारात विनामूल्य पाहता येते. मात्र तेथील प्रत्येक प्रबंध आदर्श असतोच असे नाही, हेही मार्गदर्शकाने सांगावे.

अशा केंद्राला ‘कच्च्या विद्यार्थ्यांचा वर्ग’ असे नाव पडू देऊ नये. पडले की ज्याला गरज आहे तोच तिकडे फिरकत नाही. प्रथम वर्गातील विद्यार्थ्यांनीही तेथे आपला मसुदा आणावा.

सुटीत विद्यार्थी गावी परततो आणि लेखनाचा बराच भाग तेथेच होतो. अनेक गावांत स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिका आहेत. त्यांतच एक टेबल, परिभाषा कोशांचे एक फडताळ, संगणकाची जोडणी आणि रात्री दहापर्यंत दिवा एवढी सोय पंचायतीला करून देता येईल. त्यासाठी नवी इमारत लागणार नाही.